जड पाण्यातले सहा जण

परवा लिफ्टपाशी नोटीस लागली. 'नळाला पाणी कमी येत असल्याने उद्यापासून बोअर सुरू. सर्वांनी सहकार्य करावे.' मार्च उजाडला की दरवर्षी हाच कागद आणि हीच सही, तारीख तेवढी बदलते. मी तो वाचला आणि वर येऊन आधी नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या. शेजारच्या बाई दारातूनच म्हणाल्या, "एवढी काय घाई हो, बोअर उद्या सुरू होणारे." मी म्हटलं, माझ्याकडे सहा जण आहेत ना. त्या हसल्या. आमच्या घरात माणसं दोनच, हे त्यांना ठाऊक आहे. बाकीचे सहा हॉलमधल्या काचेच्या टाकीत राहतात.

बोअरचं पाणी घरात आलं की सांगावं लागत नाही. पहिल्याच दिवशी साबण रुसतो. कितीही चोळा, फेस म्हणून येत नाही, हातावर नुसता चिकट पांढुरका साका. तुरीच्या डाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात. चहावर बारीक तवंग येतो. आठवड्याभरात नळांच्या तोंडाशी पांढरी पुटं धरतात आणि बाथरूमच्या काळ्या फरशीवर बादलीचा गोल कायमचा उमटून राहतो. सकाळच्या पहिल्या धारेला ओल्या दगडाचा वास येतो. एके काळी त्या वासानं माझं डोकं उठायचं. आता तो आला की मी नकळत टाकीकडे बघते.

तीस वर्षं मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. आमच्या वेळच्या पुस्तकात या पाण्याला दुष्फेन म्हणायचे, म्हणजे ज्याला फेस येत नाही ते. सोसायटीत सगळे जड पाणी म्हणतात. जड पाणी ही वेगळी चीज आहे, ती अणुभट्टीत वापरतात, असं मी एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून समजावून सांगितलं होतं. सेक्रेटरींनी मन लावून ऐकलं आणि पुढचा विषय घेतला. तेव्हापासून मीही जडच म्हणते. मास्तरकीची खोड माणसाला कुठेकुठे तोंडघशी पाडते, ते गेल्या उन्हाळ्यात मी चांगलंच शिकले.

अरुण माझा नवरा. मूळचा चांदवडचा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि पहिल्या दिवसापासून मी त्याला नावानं हाक मारते, अरे-तुरे करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. त्याचा धंदा ठिबकचा. द्राक्षाच्या, डाळिंबाच्या, टोमॅटोच्या शेतात नळ्या अंथरून द्यायच्या, कुठल्या झाडाला किती थेंब पाणी मिळेल ते बसवून द्यायचं. बोलण्यावर आयुष्य काढलेला माणूस. बांधावर उभा राहिला की तासभर हलायचा नाही. आणि रागही तसाच. फोनवर ओरडायला लागला की कुणाच्या बागेत काय चुकलंय ते आमच्या खालच्या मजल्यावरसुद्धा कळायचं.

गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या डिसेंबरात एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून ब्रश पडला. पक्षाघात. उजवा हात-पाय गेले, ते फिजिओथेरपीनं थोडे थोडे परत येऊ लागले. वाचा गेली ती मात्र येईना. त्याला सगळं समजत होतं. शब्द ओठांपर्यंत यायचा, तिथंच अडायचा आणि अरुण कपाळाला हात लावून बसायचा. घर इतकं शांत झालं की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायची. मला त्याचं ओरडणं हवं होतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

त्याच्यावर वाचेचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केतकी त्यांचं नाव. त्या म्हणाल्या, जे ओळीनं पाठ असतं ते आधी परत येतं. वार, महिने, आकडे. समोर दिसणाऱ्या वस्तू मोजायला लावा. मी चमचे मांडले, बटाटे मांडले. अरुणनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. साठीच्या माणसासमोर बटाटे मांडून 'मोज' म्हणणं त्याला किती लागलं असेल, ते मला आता कळतं. पण केतकीच्या दवाखान्यात बाहेर एक माशांची टाकी होती, तिच्यापुढून तो हलायला तयार नसायचा. मग मी त्याला रिक्षात घालून थेट द्वारका चौकाजवळच्या रफिकभाईंच्या माशांच्या दुकानात नेलं.

रफिकभाई मालेगावचे. घरचे कापडाचे माग होते. मागांच्या खडखडाटात लहानपण गेलं म्हणून मुद्दाम आवाज न करणारा धंदा निवडला, असं ते सांगतात. माझ्याकडे बोअरचं पाणी असतं म्हटल्यावर त्यांनी लगेच सल्ला दिला. "मॅडम, मोली घ्या, गप्पी घ्या. जड पाण्यात मजेत राहतात. काही टेन्शन नाही." मी हो म्हणणार, तेवढ्यात बघितलं तर अरुण कोपऱ्यातल्या एका टाकीपाशी जाऊन उभा. आत करंगळीएवढे राखाडी मासे काचेला तोंड चिकटवून बसले होते. अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ, बाकी रूप म्हणून काही नाही. डावं बोट काचेवर टेकवून तो माझ्याकडे बघत राहिला.

"ते ओटो," रफिकभाई म्हणाले. "शेवाळ खातात. लई नाजूक जान आहे, मॅडम. नदीतून पकडून आणतात, उपाशी येतात. पाणी बदललं की घाबरतात. साहेबांना दुसरे दाखवू का?"

हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून अरुणनं आपणहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती. मी म्हटलं, हेच द्या. ते कळपानं राहतात, म्हणून सहा घेतले. नव्या टाकीत त्यांना खायला काय मिळणार, म्हणून रफिकभाईंनी आपल्या जुन्या टाकीतलं शेवाळलेलं लाकूड आणि फिल्टरचा मळका स्पंज तसाच उचलून दिला. स्पंज धुऊ नका, असं तीनदा बजावलं.

जानेवारी-फेब्रुवारीच्या त्या सकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. स्वेटर घालून अरुण टाकीपुढच्या खुर्चीत बसायचा. गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, चकती उकळत्या पाण्यात बुडवून मऊ करायची, काट्याचमच्याला टोचून तळाशी सोडायची, हे माझं काम. थोड्या वेळानं एकेक ओटो खाली उतरायचा. चकतीवर बसून त्यांची तोंडं इतकी भराभर चालायची की बघता बघता मधला गर जाऊन नुसती हिरवी कड उरायची. पोटं टम्म व्हायची. पोट गोल म्हणजे तब्येत ठीक, एवढं ज्ञान रफिकभाईंनी दिलेलं. मग अरुणचं बोट काचेवरून सरकायचं. "ए...क." बराच वेळ काही नाही. "दो...न." एका सकाळी तो सहापर्यंत पोचला आणि माझ्या हातातलं गिलकं खाली पडलं. त्या सहा आकड्यांपलीकडे त्याच्याकडे शब्द नव्हते. मी 'पाणी' म्हटलं की मागून 'पाणी' म्हणायचा, पण आपणहून काही नाही. तरी सकाळचे ते सहा शब्द आमचे होते.

आणि मग मार्चमध्ये लिफ्टपाशी नोटीस लागली.

मी घाबरले, आणि घाबरले की मी आकडे काढते. शाळकरी हुशारीनं वही केली. बोअरचं पाणी तपासलं, तर क्षार नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट. पुस्तकं म्हणत होती, या माशांना मऊ पाणी लागतं. झालं. मी रोज टाकीतलं पाणी तपासायची आणि जरा आकडा वर गेला की स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं, क्षार काढलेलं गाळीव पाणी ओतून तो खाली आणायची. दुसऱ्या दिवशी फिल्टरचं पाणी पुरलं नाही की परत बोअरचं. वर, खाली, वर. मासे पाण्याच्या वरच्या थरात जाऊन भिरभिरायला लागले, अंगावरची रेघ फिकट झाली. मला वाटलं, अजूनही पाणी जडच आहे. मग एका संध्याकाळी मी कंबर कसली. टाकी अर्धी रिकामी केली आणि साठवून ठेवलेलं सगळं गाळीव पाणी एकदम ओतलं. आकडा अगदी पुस्तकाबरहुकूम आला. वहीत त्याच्याभोवती मी लाल पेननं गोल केला.

सकाळी दोन मासे तळाशी आडवे पडले होते. अरुण उठायच्या आत मी ते काढून गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरले, हात धुतले आणि चहा ठेवला. तो येऊन बसला. एक, दोन, तीन, चार. पाच हा शब्द तोंडात आपोआप तयार होता, पण बोटाला मासा सापडेना. बोट काचेवरून फिरत राहिलं. मी म्हटलं, "लाकडामागे असतील रे." त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नाही असं नाही, पण इतकं वाईट कधी बोलले नव्हते. दुपारी तिसरा मासा त्याच्या डोळ्यांदेखत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची खिडकीकडे फिरवली. मोजणं बंद. त्याच्यापुढे वार म्हणून पाहिले, महिने म्हणून पाहिले, तो ओठ मिटून बाहेरच्या गुलमोहराकडे बघत बसायचा. केतकी म्हणाली, जबरदस्ती करू नका, पण फार दिवस जाऊही देऊ नका. या दोन्ही सूचना एकदम कशा पाळायच्या, ते तिनं सांगितलं नाही. मला त्याचा रागही आला. तीन मासे मेले म्हणून कुणी बोलणं सोडतं का? मग मोगऱ्याला पाणी घालताना मी रडले. माशांसाठी नाही, स्वतःच्या लाल गोलासाठी.

आठवड्याभरानं रफिकभाईंकडे गेले ती तक्रारीच्याच सुरात. त्यांनी माझी वही शांतपणे चाळली आणि मला परत दिली.

"मॅडम, माझ्या दुकानात पाणी कुठलं आहे सांगा?"

"कुठलं?"

"बोअरचं. तुमच्यापेक्षा जड. आणि ओटो बघा, कसे बसलेत."

मी बघितलं. काचेला चिकटून, पोटं टम्म, निवांत.

"जड पाणी त्यांना आवडत नाही, खरं आहे," ते म्हणाले. "पण चालवून घेतात. रोज पाणी वेगळं, ते नाही चालत त्यांना. तुम्ही एक ठरवा आणि त्याच्यावर राहा. बस."

तीन नवे मासे पिशवीत घेऊन मी घरी आले. शहाणपण कानानं ऐकलं होतं, हातापर्यंत पोचलं नव्हतं. पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, कात्रीनं तोंड कापलं आणि ओतणार तोच कुणीतरी माझं मनगट धरलं. अरुण कधी उठला, काठी न घेता टाकीपर्यंत कसा आला, मला कळलंही नाही. डाव्या हाताची पकड अशी की बांगडी रुतली. तो मान जोरजोरात हलवत होता. मग गॅलरीतल्या कपाटाकडे बोट.

मी पाना आणला. नाही. स्क्रूड्रायव्हर आणला. नाही. त्यानं पाय आपटला. शेवटी त्याची जुनी सॅम्पलची पिशवी आणून हॉलमध्ये फरशीवर रिकामी केली. शेतकऱ्यांना दाखवायला तो ती घेऊन हिंडायचा. नळ्या, जोड, थेंब पाडणाऱ्या चकत्या, सगळं घरंगळलं. त्यातून त्यानं सुतळीएवढी बारीक काळी नळी आणि एक चिमुकला कॉक उचलला आणि माझ्या हातात ठेवला. मग बादलीकडे बोट, टाकीकडे बोट.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पिशवीतल्या पाण्यासकट मासे बादलीत सोडले, बादली खाली ठेवली. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं ओढून घेतलं तोंडानं, आणि बोअरच्या पाण्याची तुरट चव जिभेवर आली. अरुण खुर्ची ओढून बादलीपाशी बसला आणि डाव्या हातानं कॉक पिळत गेला. धार बारीक झाली, तुटली, थेंब पडायला लागले. टप. टप. मी म्हटलं, "इतकं हळू?" त्यानं डोळे मिटून मान डोलावली. हेच उत्तर त्यानं किती बांधांवर किती उतावळ्या बागाइतदारांना दिलं असेल. जेवण झाल्यावर लावलेली बादली चहाच्या वेळेला भरली. तेवढ्या वेळात टाकीचं पाणी थेंबाथेंबानं त्या माशांच्या ओळखीचं झालं होतं. मग आम्ही ते जाळीनं उचलून आत सोडले, आणि तिन्ही जण सरळ जाऊन लाकडाला चिकटले.

तीस वर्षं प्रयोगशाळेत मी पोरींवर ओरडत होते, थेंबाथेंबानं सोड गं, घाई केलीस तर रंग उडून जाईल. आणि घरी बादलीच उपडी केली. हे अरुणला सांगितलं तेव्हा तो हसला. आवाज न करता, खांदे हलवून.

त्यानंतर आम्ही एक प्रमाण ठरवलं. तीन तांबे बोअरचं, एक तांब्या गाळीव. दर चौथ्या दिवशी बादली उंच स्टुलावर, त्यातून नळी टाकीत, आणि कॉकवर अरुणचा हात. वही मी कपाटात टाकली. पाणी जडच राहिलं, पण कालच्यासारखं आज राहिलं. माशांची रेघ गडद झाली. बोट पुन्हा काचेवर आलं.

बादलीपाशी बसून थेंब बघताना मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती दिसल्यावर मला फार वाईट वाटलं. अरुण 'च' म्हणाला की मी 'चहा? चष्मा? चादर? चप्पल?' अशी यादी त्याच्या अंगावर ओतायची. त्याचा शब्द तोंडाशी यायच्या आत माझे चार तयार. मदतच करत होते मी, माझ्या मते. मग मी ठरवलं, गप्प बसायचं. तो 'च' म्हणाला की मी मनात थेंब मोजायची. दहा, वीस, चाळीस. कधीकधी शब्द यायचा नाहीच. पण एकदा साठाच्या पुढे 'चमचा' आला. गरम डाळीत मी चमचा द्यायला विसरले होते. तो शब्द मी मागितलेला नव्हता, पण तो एकटाच आला, पुढे काही नाही.

उन्हं वाढली तशी टाकी हिरवी व्हायला लागली. समोरची काच मी पुसायची, बाकीच्या तीन बाजू मुद्दाम तशाच ठेवायची. मऊ, मखमली शेवाळ चढलं होतं, आणि त्यावर ओटो चरत गेल्याच्या स्वच्छ वाटा दिसायच्या. अरुण त्या वाटांवरून बोट फिरवत बसायचा.

अशात आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या भागात त्या दिवशी लेकी माहेरी येतात. सासूबाई गेल्यापासून अरुणच्या मोठ्या बहिणीचं, आक्काचं, माहेर म्हणजे आमचा फ्लॅट. ती सासरहून, देवळ्याहून, कांद्याची पिशवी आणि कैऱ्या घेऊन आली. भावाजवळ बसली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आपणच बोलत राहिली आणि डोळे पुसत उठली. रडू आलं की आक्काला काम लागतं. तिची नजर टाकीवर गेली.

"सुमन, हे काय गं? लय शेवाळ माजलंय."

मी स्वयंपाकघरातून आमरस ढवळत 'अहो आक्का' म्हणेपर्यंत तिनं पदर खोचला होता, घासणी घेतली होती आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला होता. माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा तो मोगरा आला. मी धावले.

"आक्के."

आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. खुर्चीतून अरुण पुढे झुकला होता.

"राहू दे," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. आक्का तोंड उघडणार, तिला मी हातानं थांबवलं. फिल्टरचे बुडबुडे ऐकू येत होते. "खाणं... हाय त्यांचं."

एवढं वाक्य. कुणी न सांगितलेलं, त्याचं स्वतःचं, चांदवडच्या बोलीतलं. माझ्या हातातल्या पळीतून आमरस फरशीवर गळत होता. दुसरी कुणी असती तर तिथं भावाच्या गळ्यात पडली असती. पण आक्का धाकट्या भावापुढे आयुष्यात कधी हरली नव्हती.

"अरे पण आज आखाजी हाय," ती म्हणाली. आवाज कापत होता तरी तोरा तोच. "सणाच्या दिवशी घर असं घाण ठेवायचं का?"

अरुणचा चेहरा लाल झाला. कपाळावरची शीर फुगली. फोनवर एखाद्याला झापायच्या आधी फुगायची, तीच. त्यानं डावा हात वर केला, थांबा म्हणून. आम्ही थांबलो. मी थेंब मोजायला लागले आणि कितीवर होते ते विसरले.

"सण," तो म्हणाला, मोठ्यानं. "सण... त्यांचा बी हाय!"

आक्कानं हात बाहेर काढला. घासणी मुठीत तशीच, कोपरावरून पाणी नव्या साडीवर ठिबकत होतं. ती माझ्याकडे वळली.

"भांडतोय गं माझ्याशी," ती म्हणाली. "सुमन, भांडतोय बघ."